पहिला ट्रम्पेट

सालवड, बोईसर
११ डिसेंबर २०२२

मेहुल,

सुरुवातीला 'अनेक आशीर्वाद' लिहिलं आणि खोडलं. दीड वर्ष आपण एकमेकांशी बोललो नाही. आता कागदावर एकदम मोठी बहीण होऊन आशीर्वाद द्यायचे म्हणजे माझं मलाच कसंतरी वाटलं. तरी लिहिते आहे, कारण भाविका म्हणाली, "ताई, माज्या हातनं दोन ओळींच्या वर जात नाय. तुमी ल्हया." नवऱ्याला काय लिहायचं हे बायकोने नणंदेला सांगायचं, असं आमचं चाललंय.

तुमची बोट हद्दीपलीकडे गेली आणि तिकडच्यांनी सगळ्या खलाशांना धरून नेलं, हे गुजरातेतल्या ओख्याच्या तुमच्या बोटमालक शेठच्या माणसाने फोनवर सांगितलं. त्याला तुमची नावंही नीट घेता येत नव्हती. तू पाकिस्तानात तुरुंगात आहेस आणि जिवंत आहेस, एवढं नक्की कळायला दिवाळी उलटून गेली. कैद्यांची पत्रं गोळा करून पाठवणाऱ्या मंगलाबाई पालघरला येतात. त्यांनी बजावलंय की पत्र दोन्हीकडे उघडून वाचतात, घरचं तेवढंच लिहा. म्हणून घरचं लिहिते.

तुझी लेक उन्नती शाळेत जाते. भाविका बोंबील सुकवते आणि मंगळवारी बाजार करते. ती रडत नाही. त्याची मला जास्त भीती वाटते.

तुझा ट्रम्पेट तिने माझ्याकडे आणून दिला. टॉवेलात गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन बसली होती. घरी ठेवला तर खाऱ्या हवेने जाईल म्हणाली. गेलाच होता. माउथपीस आत अडकलेलं, तिसरं बटण दाबलं की वर येत नव्हतं, वाकणांत सगळीकडे हिरवा कळंक. वाजवून झाल्यावर आतलं पाणी काढून टाकायचं, मग पेटीत ठेवायचं, हे आप्पा होते तेव्हापासून तुला सांगतेय. असो. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून सगळ्या नळ्या धुतल्या. बटणांखालचे पिस्टन फडक्यावर ओळीने मांडले, एकाच्या जागी दुसरा जाऊ दिला नाही. शिलाई मशीनचं तेल दिलं. माउथपीसला तेल मुरवत ठेवलं आणि लाटण्याने अगदी हळू टकटक करत राहिले. शेवटी निघालं. खोलीत एकटीच होते, तरी मोठ्याने "निघालं" म्हणाले.

आपला बँड काही पैसे घेऊन वाजवणारा नाही. गावातल्या हळदी, होळी, नारळी पुनव, एवढंच. म्हणूनच दीड वर्षापूर्वी मी बँड चालवणाऱ्या नामदेवकाकांना विचारलं होतं, पहिला ट्रम्पेट मेहुलचा, त्याच्या मागे आप्पांच्या ट्रम्पेटवर मी दुसरा वाजवू का. काका तोंड उघडायच्या आत तू सगळ्यांसमोर बोललास, "बाय बँडात बसली तं लोकं ऐकणार नाय, तिला बगत बसणार."

हे इथे लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं. आता खोडत नाही, पत्रात आधीच एक खोडलेलं आहे.

थंडी असेल तिकडे. अंगावर काय आहे ते कळव.

नलूताई


सालवड
७ मे २०२३

मेहुल,

तुझं उत्तर नाही. मंगलाबाई म्हणतात, उत्तराची वाट बघून लिहू नका, लिहीत राहा.

होळीला बँड ट्रम्पेटशिवाय वाजला. ढोल होते, क्लॅरिनेट होतं, पण चाल उचलणारं कोणी नाही. लोक होळीभोवती उभे राहिले आणि लवकर घरी गेले. त्यानंतर एका सकाळी नामदेवकाका थेट माझ्या खोलीवर आले. एसटीने आले होते, गुडघा धरून जिना चढले. शेजारच्या साखरबाईंनी चहा केला. काका खाटेच्या कडेवर बसून बराच वेळ चहा फुंकत राहिले.

"नवशीच्या पोरीची हळद हाय," म्हणाले. "ट्रम्पेट नाय तं बायका उठत नाय नाचाला. तू ये."

मी म्हटलं, "मेहुल काय म्हणेल?"

"मेहुल हितं असता तं मी आलोच नसतो."

खोटं बोलले असते तर मी नाही म्हटलं असतं.

सराव करायचा कुठे, हा प्रश्न होता. बोईसरात कुठल्याही वेळी कोणीतरी झोपलेलं असतं. आमच्या चाळीत पहिल्या पाळीचे आले की तिसऱ्या पाळीचे उठतात, आणि तेवढ्यात दुसरीवाल्यांची मुलं परीक्षेचा अभ्यास करतात. ट्रम्पेटच्या तोंडात जुनी ओढणी कोंबून वाजवलं. आवाज सर्दी झाल्यासारखा येतो, पण बोटं चालतात. साखरबाई बीडकडच्या. त्या म्हणाल्या, "वाजवा की बाई बिनघोर. आमच्या ह्यांला कंपनीच्या भोंग्यानं बी जाग येत न्हाई."

हळदीला मी ढोलांच्या मागे उभी राहिले. बायका आधी माझ्याकडेच बघत होत्या, तू म्हणालास तसं. तिसऱ्या गाण्याला विसरल्या आणि नाचायला लागल्या. एका ठिकाणी वरचा सूर फाटला, अगदी फडकं फाडल्यासारखा. नवशीची नणंद तोंडावर पदर घेऊन हसली. मीही हसले असते, पण तोंड रिकामं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ओठ एवढा सुजला की पॅकिंगच्या टेबलावर सुपरवायझरने विचारलं, कोणी मारलं का.

आप्पांचाच ट्रम्पेट वाजवला. तुझा मी फक्त साफ करते, तेल देते आणि पेटीत ठेवते.

नलूताई


सालवड
२ जुलै २०२३

मेहुल,

खलाशी सुटले. सगळे नाहीत. यादी आली तेव्हा पालघरला नावं वाचून दाखवली, आणि मी व भाविका शेवटच्या नावापर्यंत उभ्या होतो. शेजारच्या गावची नावं आली, डहाणूकडची आली, तुझं आलं नाही. वाचणाऱ्याने कागद उलटा करून पाठीमागे बघितलं, केवळ आमच्या तोंडाकडे बघून. मागे काही नव्हतं.

परत येताना भाविका एवढंच बोलली, "आज उन्नतीला कोणी जेवाला घातलं असंल?" मी म्हटलं, शेजारणीने घातलं असेल. बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून झोपली. एवढी गाढ झोपली की फाट्यावर मला तिला हलवून उठवावं लागलं. आम्ही दोघी आता कुठेही झोपतो.

तुझ्याबरोबर होता तो अनुज सुटून आला. आम्ही त्याच्या घरी गेलो. अंगण माणसांनी भरलं होतं आणि तो मधोमध खुर्चीवर पाहुण्यासारखा बसला होता. भाविकाने विचारलं, "खातो का नीट?" तो म्हणाला, "खातो. भात मिळाला की भांडून खातो." मग हसला आणि म्हणाला, "तुमचा मेहुल भिंतीकडं तोंड करून नुसते ओठ वाजवतो. फर्रर फर्रर. आमी ओरडायचो, झोपू दे. तर मांडीवर बोटं चालवायचा."

भाविका हसली. कधीपासून तिचे दात दिसले नव्हते.

निघताना अनुजने मला बाजूला बोलावून आणखी काही सांगितलं. ते मी भाविकाला सांगितलेलं नाही. तुला तुझंच काय सांगायचं? मिठाच्या पाण्याने गुळण्या करत जा. मीठ मिळत असेल तर. तंबाखू तिकडे मिळत नसेल अशी आशा करते.

नलूताई


सालवड
२५ फेब्रुवारी २०२४

मेहुल,

तुझं पत्र आलं. गेल्या उन्हाळ्यात लिहिलेलं आत्ता पोचलं. भाविकाने मला फोनवर वाचून दाखवलं, मग मी सुट्टी पडल्यावर गावी जाऊन हातात घेऊन वाचलं. अक्षर तुझंच आहे, शाळेत होतं तसंच उताराला लागलेलं. उन्नतीसाठी दोन ओळी, भाविकासाठी एक, आप्पांच्या फोटोला हार घाला अशी एक. आणि शेवटी, "माझा ट्रम्पेट कोणाला वाजवायला देऊ नये. मी आल्यावर वाजवेन."

मला लिहिलेलं त्यात काही नव्हतं. मी शोधलं.

तर ऐक. तुझा ट्रम्पेट मी वाजवते. आप्पांच्या ट्रम्पेटचे पिस्टन झिजलेत, हवा निसटते, वरचे सूर लागत नाहीत. नवशीकडे तो फाटला त्यानंतर मी तुझा घेतला. तुला लिहिलं ते खोटं लिहिलं. पहिल्या दिवशी माउथपीस ओठाला लावलं तेव्हा चोरी करतेय असं वाटलं. मग सूर निघाला आणि ते वाटणं गेलं. तुझा ट्रम्पेट फार चांगला आहे, मेहुल. मागशील त्याच्यापेक्षा थोडं जास्तच देतो.

पत्र वाचल्यावर मी तो पुसून पेटीत बंद केला आणि काकांना फोन केला, होळीला येणार नाही म्हणून. खरं तर मला बरंच वाटलं. दमले आहे रे मी. दिवसभर उभं राहून औषधांच्या पेट्या भरायच्या, बसने यायचं, भाकरी थापायची, ओढणी कोंबून वाजवायचं, आणि सुट्टी पडली की गाव गाठायचं. बेचाळिशीच्या बाईने हे का करायचं? वाटलं, सुटले.

मग भाविका आली. सुके बोंबील घेऊन आली आणि खाटेखालची पेटी बघून बसली.

"होळीला येत नाय म्हनं तुमी."

मी तिला म्हटलं, त्याने लिहिलंय ना, कोणाला देऊ नका.

ती बोंबील डब्यात भरत राहिली. मग म्हणाली, "तो तितं हाय, ताई. लगनं हितं हायत, होळी हितं हाय, मी हितं हाय. त्याचं सगलं मीच बगते ना? त्याला इचारून बगते का?"

मी तिला डब्याचं झाकण दिलं. ती गेल्यावर पेटी काढली.

आता यापुढचं लिहायचं की नाही, याच्यावर मी पेन ठेवून दोनदा उठले. हे पत्र उघडून वाचणारे साहेब जे कोण असतील, त्यांना यातलं काय कळणार? म्हणून लिहिते. नवी यादी येणार म्हणतात तेव्हा मी देवाजवळ तुझं नाव मागते. मनापासून मागते. आणि त्याच वेळी मनात हेही येतं, की तू आलास की मला उठावं लागेल. तुझी जागा तू पकडला गेलास म्हणून मला मिळाली. चांगलं वाजलं आणि लोक शाबास म्हणाले की मला घरी येऊन जेवण जात नाही.

रागाव. रागावलास तर मला बरं वाटेल. रागवायला अंगात बळ लागतं.

नलूताई


सालवड
१६ मार्च २०२५

मेहुल,

बोईसर ते गाव, रिक्षाने पाऊण तास. आणि मी तुला पोस्टाने पत्र पाठवते आहे. हसू नकोस. तू आल्यापासून मी प्रत्येक सुट्टीला येते, समोरासमोर बसून जेवतो, ऊन फार आहे आणि पापलेट कमी आहे एवढं बोलतो, आणि मी परत येते. तुला लिहायची एवढी सवय झाली आहे की समोर दिसलास की बोलता येत नाही.

तुम्ही स्टेशनवर उतरलात तेव्हा केवढी गर्दी होती. भाविका तुझ्याजवळ पोचायच्या आधी हार पोचले. काकांनी हट्टाने बँड आणला होता. मी म्हटलं होतं, मी नुसती येते, वाजवत नाही. ते म्हणाले, "भाऊ येतो नि तू गप उबी रानार?" म्हणून तुझा ट्रम्पेट माझ्या हातात होता. तू आधी त्याच्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे. मी तो ओठाला लावलाच नाही. ढोलांच्या आवाजात कोणाच्या लक्षात आलं नाही, तुझ्या आलं.

तू तोंडावर हात धरून बोलत होतास. मला अनुजने सांगितलं होतं, तरी बघितल्यावर धसका बसला. वरचे पुढचे दात सगळेच गेले.

दुसऱ्या दिवशी अंगणात मी पेटी तुझ्यापुढे ठेवली. आदल्या संध्याकाळी सगळा खोलून धुतला होता, बटणं पाण्यासारखी चालत होती. तू श्वास घेतलास. नुसती हवा आली, थोडी थुंकी, आणि शेवटी बारीकसं काहीतरी. सगळे दुसरीकडे बघायला लागले. काका म्हणाले, "सवय गेलीय. येईल." तू ट्रम्पेट खाटेवर ठेवलास, अगदी हळू. "तूच ठेव," म्हणालास आणि किनाऱ्याकडे निघून गेलास. उन्नती मागे येत होती, तिला तू परत पाठवलंस.

मेहुल, मला तो असा नको होता. तू ओरडला असतास, हातातून ओढून घेतला असतास, तर मी भांडले असते. माझी भांडायची तयारी होती, स्टेशनपर्यंत मी मनात भांडतच आले होते. तू तो नुसता ठेवून निघून गेलास, आणि मी ती सगळी तयारी घेऊन परत आले.

परवा होळीला मी वाजवलं. तू वाळूच्या बाजूला उभा होतास, मला दिसलास. मग नव्हतास. मी गाणं मध्येच सोडणार होते. सोडलं नाही.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगते. तुझी कीव करून मी पहिल्या ट्रम्पेटवरून उठणार नाही. मी उठले म्हणून तुझ्या तोंडात दात येणार नाहीत, बँड तेवढा मुका होईल. आणि खरं कारण हे की मला उठायचं नाही. आयुष्यात मला जमलेली ही एक गोष्ट आहे. पण तू वाजवणं सोडलंस तर ती मला गोड लागणार नाही. दोन्ही खरं आहे.

खोट्या दातांवर वाजवणारी माणसं आहेत. काका मनोरला एका म्हाताऱ्याला ओळखतात, तो कवळी बसवून अजून वरातीत वाजवतो. त्याला मी फोन केला. तो म्हणाला, कवळी घट्ट पाहिजे, आणि ओठ पहिल्यापासून बसवावे लागतात, लहान मुलाने शिकावं तसं. रोज थोडं. वर्ष जाईल. आधीचं येत होतं ते विसरायचं, त्याची आठवण आली की माणूस माउथपीस दाबतो आणि हिरडी सोलते.

शनिवारी सकाळी बोईसरला दातांच्या डॉक्टरांकडे वेळ घेतली आहे. मी रजा टाकली आहे. येणार असशील तर फोन करू नकोस, फोनवर आपण भांडू. स्टेशनबाहेर रिक्षा लागतात तिथे उभा राहा. मी येते.

नलूताई


गाव
८ जून २०२५

ताई,

तू पत्र ल्हयतेस म्हनून मी पन ल्हयतो. माजं शुद्ध नसतं ते तुला ठाऊक हाय.

तुजी पत्रं तिकडं मला दोनच भेटली. पयलं, आनि मिठाच्या पान्याचं. मीठ मागून घेतलं. पन येळ निगून गेला होता. तू माजा ट्रम्पेट वाजवतेस ते ल्हयलेलं पत्र मला भेटलंच नाय. स्टेशनावर तुज्या हातात बगितला तवा कळला. मी तिकडं रोज तो मनात वाजवायचो, तो पेटीत माजी वाट बगतो असा इचार करून. म्हनून तवा तुज्याशी बोलाला तोंडातनं सबूद निगाला नाय. तुज्यावर राग नवता. थोडा होता.

बाय बँडात नको, असा मी तवा बोललो होतो. माजी चूक जाली. तिकडं इचार कराला लय येळ होता, सगलं याद येतं.

कवळी आता हलत नाय. पयले पंदरा दिस भाकरी पन चावता येत नवती, भाविका कुस्करून देयाची. आप्पांचा ट्रम्पेट तुज्याकडनं नेला तो मी काकांच्या वळखीनं मुंबईला पिस्टन बसवाला दिला होता. आला. मी त्याच्यावर शिकतो. माजा तुज्याकडंच राव दे. तो आता तुज्या ओठाला बसलाय, मी होळीला ऐकला. मी निगून गेलो ते वाजवनं वाईट होतं म्हनून नाय. चांगलं होतं म्हनून.

काल एक सूर निगाला. एकच. खालचा. भाविका बोलली बरफाच्या गाडीचा भोंगा वाटला. मग परत वाजवा बोलली. परत निगाला.

पयला तूच वाजव. मला जमंल तवा मी दुसरा वाजवंन. गणपतीपातूर जमंल का, दिवाळीला जमंल का, ठाऊक नाय. घाई नाय.

पाऊस लागला, होड्या बंद हायत, मी घरीच हाय. सुट्टीला ये. कंपनीत तुजी शिफ्ट लांबली, रिक्षा नाय भेटली, तरी ये. आमी जेवाला थांबतो.

मेहुल